लोखंड आणि तांबे : दोन धातू, दोन स्वभाव

उन्हाळ्यात एखाद्या शेतकऱ्याची मोटार जळते. विहिरीत पाणी आहे, वीज आहे, पण मोटार घरघरते आणि बंद पडते. तो ती गाडीवर बांधून एरंडोलला दुरुस्तीच्या दुकानात आणतो. कारागीर झाकण उघडतो. आत मुख्यतः दोनच धातू दिसतात, पत्र्याच्या चकत्यांचे लोखंड आणि त्यांच्या खाचांत बसवलेली तांब्याची तार. लोखंड वितळलेले नसते, तांबेही वितळलेले नसते. तरी मोटार निकामी झालेली असते. असे का होते हे समजायचे असेल तर या दोन धातूंचे स्वभाव समजले पाहिजेत.

आपल्या समाजातील किती तरी घरांची रोजी या दोन धातूंवर चालते. लोहारकाम, वेल्डिंग, लेथ, मोटार वाइंडिंग, कल्हई, महामार्गावरील गॅरेज, भंगार ही सारी कामे लोखंडाची तरी आहेत किंवा तांब्याची तरी. हाताला या धातूंची सवय आहे, पण "असे का?" या प्रश्नाचे उत्तर उस्तादाने आपणास सांगितलेले नसते. ते उत्तर ठाऊक नसले की नुकसान होते. आम्हीही ते सोसले आहे. ती हकिगत पुढे येईलच.

एकाच घराण्यातले दोघे

रसायनशास्त्रात मूलद्रव्यांचा एक तक्ता असतो. त्याच्या मधल्या भागात जे धातू येतात त्यांना संक्रमण धातू म्हणतात. लोखंडाचा क्रमांक २६ आणि तांब्याचा २९. त्यांच्यामध्ये फक्त कोबाल्ट आणि निकेल हे दोघे आहेत. म्हणजे लोखंड आणि तांबे जवळचे नातेवाईकच झाले.

या घराण्याच्या काही खुणा आहेत. पहिली खूण अशी की, हे धातू इतरांशी एकाच ठरावीक प्रमाणात जोडले जातात असे नाही. लोखंड कधी दोन इलेक्ट्रॉन देते, कधी तीन. तांबे कधी एक, कधी दोन. दुसरी खूण म्हणजे त्यांचे क्षार बहुधा रंगीत असतात. बाजारात मिळणारे निळे मोरचूद हा तांब्याचा क्षार आणि हिरवट हिराकस हा लोखंडाचा. रंगारी लोक हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळा रंग धरवत, त्याचीच काळी शाईही होत असे. एरंडोल गाव एके काळी हातकागदासाठी ओळखले जाई. कागदावर उठणाऱ्या शाईशीही लोखंडाचा असा संबंध होता. तिसरी खूण म्हणजे हे धातू दुसऱ्या धातूंत सहज मिसळतात. तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते, कथील मिसळले की कासे होते. लोखंडात थोडा कार्बन गेला की पोलाद, बराच गेला की बीड.

आकड्यांत फरक

घराणे एक असले तरी दोघांचा स्वभाव वेगळा आहे. शुद्ध धातूंचे आकडे असे आहेत.

वजन : एक लिटर मापाचे लोखंड सुमारे ७.८७ किलो, तेवढेच तांबे ८.९६ किलो.
वितळबिंदू : लोखंड १५३८ अंश सेल्सियस, तांबे १०८५ अंश.
वीजवहन : त्याच जाडीच्या व लांबीच्या लोखंडी तारेपेक्षा तांब्याची तार सुमारे सहापट चांगली.
उष्णतावहन : तांबे लोखंडापेक्षा सुमारे पाचपट चांगले.
चुंबक : लोखंडाला चिकटतो, तांब्याला चिकटत नाही.
साठा : पृथ्वीच्या कवचात लोखंड वजनाने सुमारे ५ टक्के आहे, तांबे एक टक्क्याच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी.

शेवटची ओळ नीट वाचावी. भंगाराच्या काट्यावर तांब्याला लोखंडाच्या कितीतरी पट भाव मिळतो, त्याचे मूळ कारण तेथे आहे. महाराष्ट्रात गडचिरोलीच्या सुरजागड डोंगरात लोहखनिज आहे. तांब्याची मोठी खाण पाहायची तर राज्याबाहेर, मध्य प्रदेशातील मलाजखंडला जावे लागते.

भट्टीपुढे

माणसाला तांबे आधी वश झाले आणि लोखंड नंतर. याचा पुरावा आपल्या खानदेशातच आहे. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे येथे पुरातत्त्व खात्याने १९५५ च्या सुमारास उत्खनन केले. तेथे खालच्या थरात तांबे आणि दगडी हत्यारे वापरणारी वस्ती सापडली आणि लोखंड वरच्या, म्हणजे नंतरच्या थरात आले. प्रवरा नदीकाठच्या दायमाबाद येथे १९७४ साली रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार भरीव ओतीव शिल्पे मिळाली. त्यांचे एकूण वजन साठ किलोहून अधिक आहे. इतक्या जुन्या काळी आपल्या भागातले कारागीर तांबे वितळवून साच्यात ओतत होते.

मग लोखंड का नाही? कारण कोळसा आणि भाता यांच्या जोरावर १०८५ अंश गाठता येतात, १५३८ अंश गाठणे फार कठीण. त्यामुळे जुन्या भट्टीत लोखंड पाण्यासारखे वितळत नसे. ते लाल, मऊ गोळ्याच्या रूपात निघे आणि ठोकून ठोकून त्यातील मळी काढावी लागे. कुरआनातील सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा आणि त्यांचे पुत्र हजरत सुलेमान (अलै.) यांच्यासाठी वितळलेल्या तांब्याचा झरा वाहता केल्याचा उल्लेख जवळजवळ येतो. एक धातू मऊ होतो, दुसरा वाहतो. भट्टीपुढे बसणाऱ्या कारागिराला हा भेद सांगायला नको.

'पाणी' देण्याचा उलटा नियम

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नवशिके शागीर्द हमखास येथे चुकतात.

ट्रकच्या पाट्याचे पोलाद घ्या. त्यात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा अधिक असतो. ते तापवून लाल केले आणि एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवले तर ते कडक होते, इतके की ठोकले तर तडकते. म्हणून विळा किंवा छिन्नी करताना कडक केलेले पाते घासून चमकवतात आणि पुन्हा हळूहळू तापवतात. पात्यावर आधी पिवळसर छटा येते, ती सुमारे २३० अंशांची खूण. मग जांभळी, सुमारे २८० अंश. मग निळी, सुमारे ३०० अंश. छिन्नीसाठी जांभळी ते निळी छटा आली की थांबतात. पाणी देण्याआधी पोलाद पुरते तापले का, हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. सुमारे ७७० अंशांवर लोखंडाचा चुंबकाशी संबंध तुटतो. लाल तुकड्याला चुंबक ओढेनासा झाला की आपण योग्य उष्णतेच्या जवळ आलो आहोत असे समजावे आणि आणखी थोडे तापवावे.

आता तांबे घ्या. तांबे ठोकत गेलो की ते आपोआप कडक होत जाते. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर भांड्यावर हातोडीच्या ठोक्यांची जी नक्षी उठवतात, त्या मठारकामाने भांडे दिसायला सुंदर होते आणि मजबूतही होते. पण ठोकणे फार झाले तर पत्रा चिरतो. मग त्याला लाल करून पाण्यात टाकतात आणि तो मऊ होतो! पोलाद ज्या क्रियेने कडक होते त्याच क्रियेने तांबे नरम पडते. याचे कारण असे की, पोलादाचा कडकपणा आत अडकलेल्या कार्बनमुळे येतो. तांब्यात असा कार्बन नाही. उष्णतेने त्याचे ताणलेले कण पुन्हा जागेवर बसतात, इतकेच. ते पाण्यात गार केले काय किंवा हवेत केले काय, फरक पडत नाही.

कोणते काम कोणाला

लोखंड बळाच्या कामासाठी आहे. नांगर, वखर, कोळपे, पाटा, शाफ्ट, इमारतीची सळई ही सारी लोखंडाचीच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन बिघडते या समजुतीने शेतकरी तो घेईनात. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे तोच नांगर गावोगाव गेला. लोखंडाने जमीन बिघडत नाही. उलट पिकाला लोह कमी पडले तर पाने पिवळी होतात आणि हिराकस द्यावे लागते.

तांबे वाहून नेण्याच्या कामासाठी आहे, मग ती वीज असो वा उष्णता. जुन्या घरांतील पाणी तापवण्याचा बंब तांब्याचा असे, कारण मधल्या नळीतील विस्तवाची आच तांबे झटकन पाण्याला देते. गाड्यांचे जुने रेडिएटर तांबे-पितळेचे असत, तेही याच कारणाने. भाकरीचा तवा मात्र लोखंडाचा. तो सावकाश तापतो आणि जाड असल्यामुळे धरलेली आच लवकर सोडत नाही.

मोटारीच्या आत

आता सुरुवातीच्या मोटारीकडे परत येऊ. तिच्यात तांब्याचे काम वीज नेणे आणि लोखंडाचे काम चुंबकत्व नेणे. एक दुसऱ्याचे काम करू शकत नाही. तांब्याच्या चकत्या घातल्या तर चुंबकीय बळ तयार होणार नाही. लोखंडाची तार भरली तर ती सहापट अडथळा करून तापेल.

लोखंड सलग न ठेवता पातळ पत्र्याच्या चकत्या का रचतात? कारण लोखंडातूनही वीज थोडीफार जाते. सलग ठोकळा असता तर बदलत्या चुंबकत्वाने त्यातच वीज फिरू लागली असती आणि तो तापला असता. म्हणून सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या, सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाच्या चकत्या घेतात आणि दोन चकत्यांमध्ये अतिशय पातळ लेप असतो. काही कारागीर जुनी तार लवकर निघावी म्हणून संपूर्ण स्टेटर विस्तवात टाकतात. तार निघते, पण लेपही जळतो. पुढे त्या मोटारीत कितीही अस्सल तांबे भरा, ती रिकामी चालतानाही तापते आणि जास्त वीज खाते. गिऱ्हाईक म्हणते, "वाइंडिंग खराब केली." वाइंडिंग चांगलीच असते, बिघडलेले असते ते लोखंड. म्हणून तारेची बाहेरची टोके छिन्नीने कापावीत, बेताची ऊब देऊन वार्निश सैल करावे आणि तार ओढून काढावी. ऊब ३५० अंशांच्या वर जाऊ देऊ नये.

तांब्याच्या बाजूचा हिशेब असा. तारेत तयार होणारी उष्णता विजेच्या प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. दाब कमी झाला, मोटार २० टक्के जास्त प्रवाह ओढू लागली, तर उष्णता २० नव्हे, ४४ टक्के वाढते. शिवाय तांबे स्वतः १०० अंशांनी तापले की त्याचा अडथळा सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. तापलेली तार अशी आणखी तापते. धातू वितळत नाही, पण त्यावरचा लेप जळतो आणि शेजारच्या तारा एकमेकींना भिडतात. मोटार 'जळाली' म्हणजे एवढेच.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी एका फिरत्या विक्रेत्याकडून आम्ही वाइंडिंगची तार घेतली. भाव थोडा कमी होता. रीळ वजनाच्या मानाने फुगीर दिसले. तार सैल गुंडाळली असेल असे आम्ही समजलो. त्या तारेने एका केळीवाल्या शेतकऱ्याची मोटार भरली. दोन आठवड्यांच्या आत ती परत आली. जळालेली तार तोडून कानस मारली तेव्हा वर लाल आणि आत पांढरे निघाले. तार ॲल्युमिनियमची होती, वर तांब्याचा पातळ मुलामा. ॲल्युमिनियम वाईट धातू नाही. पण तांब्याइतके काम हवे तर त्याची तार सुमारे १.६ पट जाड छेदाची लागते. खाचेत तेवढी जागा नव्हती आणि आम्ही तांब्याच्या मापाने ती भरली होती. मोटार आम्ही पदरच्या पैशाने पुन्हा भरून दिली. ऐन उन्हाळ्यात बागेला पाणी मिळाले नाही त्याची भरपाई मात्र आम्हाला करता आली नाही. ती तार तपासायला दोन मिनिटे पुरली असती.

ओळख पटवण्याच्या खुणा

१. चुंबक : मालाला चुंबक चिकटला तर ते शुद्ध तांबे किंवा पितळ नाही, आत लोखंड असावे आणि वर मुलामा. चिकटला नाही म्हणजे तांबेच, असेही नाही. ॲल्युमिनियमला आणि भांड्यांच्या बऱ्याच स्टीललाही तो चिकटत नाही.
२. कानस : टोक कापून आतला रंग पाहावा. तांबे आरपार लाल असते.
३. वजन : त्याच मापाची खात्रीची तार शेजारी ठेवून काट्यावर घालावी. मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार निम्म्याहूनही हलकी भरते.
४. ज्योत : लेप खरवडून बारीक तुकडा गॅसच्या ज्योतीत धरावा. तांबे लाल होते आणि टिकते. ॲल्युमिनियम ६६० अंशांवरच वितळते, त्यामुळे तार लोंबते. दोन्ही वेळा तुकडा चिमट्यात धरावा.
५. ठिणगी : सहाणेवर लोखंड ठिणग्या उडवते, पोलादात कार्बन जास्त असेल तर ठिणग्यांना अधिक फाटे फुटतात. तांब्याची ठिणगी उडत नाही.

गंज, कळक आणि दोघांची गाठ

लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की गंज चढतो. हा गंज सच्छिद्र असतो, पापुद्रे सुटतात आणि आत नवे लोखंड खाल्ले जाते. तांब्यावरचा काळा किंवा हिरवा थर मात्र घट्ट बसतो आणि आतल्या धातूला पुष्कळसा सांभाळतो. तांब्याचा दोष निराळा आहे. ताक, चिंच, लिंबू अशा आंबट पदार्थांत ते उतरते आणि अन्न कळकते. म्हणून तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कल्हई हवी. नवसागर भांडे स्वच्छ करतो आणि २३२ अंशांवर वितळणारे कथील त्यावर पसरते. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट शिजवू नये, हे गिऱ्हाइकाला सांगणे कल्हईवाल्याचे कर्तव्य आहे.

आता दोघांना एकत्र आणू. काचेच्या जुन्या पेल्यात पाणी घेऊन चिमूटभर मोरचूद विरघळवा. घासून स्वच्छ केलेला खिळा त्यात ठेवा. काही मिनिटांत खिळ्यावर लाल थर दिसेल. तो तांब्याचा. लोखंड स्वतः विरघळले आणि पाण्यातील तांबे त्याच्या जागी बसले. (मोरचूद विषारी आहे. पेला पुन्हा खाण्यापिण्याला वापरू नये, हात धुवावेत, मुलांना दूर ठेवावे.)

या छोट्या प्रयोगात मोठा धडा आहे. लोखंड आणि तांबे ओलाव्यात एकमेकांना भिडले की लोखंड झिजते आणि तांबे वाचते. तांब्याच्या पट्टीला लोखंडी बोल्ट लावला, पितळी व्हॉल्व्ह लोखंडी पाइपवर बसवला, तर जोडाजवळचे लोखंडच आधी कुजते. अशा जागी पितळी बोल्ट वापरावा किंवा मध्ये रबराचा वा प्लॅस्टिकचा वॉशर घालून दोघांना अलग ठेवावे. शेतकरी बोर्डो मिश्रण करतात, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. ते लोखंडी पिंपात करू नये, याचे कारण हेच. मिश्रणात विळ्याचे स्वच्छ पाते बुडवून पाहतात. पात्यावर लाली आली तर चुना कमी पडला असे समजतात. त्याच नियमाचा हा उपयोग आहे.

भंगाराच्या व्यवसायबंधूंना

तांबे आणि लोखंड दोन्ही पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येतात आणि त्यांचा गुण जात नाही, पण एकमेकांत मिसळले तर दोघांचा भाव पडतो. पोलादाच्या भट्टीत तांबे गेले की ते सहज बाहेर काढता येत नाही आणि गरम पोलाद लाटताना चिरा पडतात. तेव्हा मोटारीचे तांबे आणि लोखंड काट्यावर जाण्याआधीच वेगळे करावे. केबलचे प्लॅस्टिक जाळू नये. तो धूर विषारी असतो आणि जळकी तार काळी पडून कमी भावाने जाते. सोलून काढलेली तार उजळ राहते.

शेवटी एक गंभीर गोष्ट. तांबे महाग असल्याने पंपाच्या केबल आणि रोहित्रातील तार चोरीला जाते. ज्या शेतकऱ्याची केबल कापली गेली त्याचे पीक वाळते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. विकणाऱ्याचे नाव, ओळखपत्र आणि मालाचे वर्णन वहीत लिहून घ्यावे; नवी कोरी केबल कोणी तुकडे करून आणली तर ती घेऊ नये. चार पैशांच्या लोभाने हलाल कमाईत हराम मिसळू देऊ नये.

उजळणीसाठी प्रश्न

१. तांबे आणि पोलाद दोन्ही लाल करून पाण्यात टाकली तर कोण कडक होते, कोण मऊ, आणि का?
२. स्टेटर विस्तवात टाकल्याने तांबे बदलले तरी मोटार का तापते?
३. पितळी व्हॉल्व्हजवळचा लोखंडी पाइपच आधी का कुजतो?

दुकानात नवा शागीर्द असेल तर हे तीन प्रश्न त्याला विचारावेत. उत्तर आले नाही तर रागावू नये. एक चुंबक, एक कानस आणि एक जळालेली मोटार समोर ठेवून त्याला दाखवावे.